तीन कुलुपांचं दार

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी नागलक्ष्मीबाई भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत होत्या. समोर अकरा टाइपरायटरवर अकरा मुलं एकच ओळ बडवत होती. मागच्या रांगेतून एक ठोका सतत उशिरा येत होता.

"भारती, करंगळी कुठे आहे तुझी?"

"आहे, मिस."

"हाताला आहे, ते मला ठाऊक आहे. कळीवर का नाही?"

मुलं हसली. बाईंनी डोळे उघडले नाहीत. ठोका जागेवर आला, तशा त्या टेबलाशी गेल्या आणि उघडून ठेवलेल्या बाराव्या मशीनमध्ये तेलाची सुई घालू लागल्या. हे मशीन चालत नाही. गेले दहा महिने त्या रोज त्याला तेल देतात.

कुंभकोणमच्या मेलकावेरी भागातली ही टायपिंगची इन्स्टिट्यूट त्या सव्वीस वर्षं चालवतात. तमिळनाडूत सरकारी कारकुनीसाठी टायपिंगचं प्रमाणपत्र अजून लागतं, म्हणून फोनवर वाढलेली मुलं इथे येऊन लोखंडी कळा बडवतात. नागलक्ष्मीबाई अठ्ठावन्न वर्षांच्या आहेत. त्यांचे पूर्वज तंजावरच्या दरबाराबरोबर या भागात आले. या इतिहासाचा त्यांना मनापासून कंटाळा आहे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, एवढंच त्याचं आज उरलेलं रूप. महाराष्ट्रातून कोणी पाहुणे आले की बाईंचं बोलणं ऐकून त्यांना गंमत वाटते. बाई त्यांना कॉफी पाजून लवकर वाटेला लावतात.

मागच्या नोव्हेंबरपर्यंत इथे बावीस मशीन होती. तळमजल्यावर मांडीभर पाणी आलं आणि त्यातली निम्मी गेली. नवी आता कोणी बनवत नाही, आणि जुन्यांचे सुटे भाग मिळणंही थांबलं आहे. वरच्या मजल्यावर वर्ग हलवावा, तर लाकडी तुळयांना हा धडधडाट सोसणार नाही असं गवंड्याने सांगितलं. पाणी पुन्हा एकदा आत आलं, तर इन्स्टिट्यूट बंद होईल. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा चालू होता, आणि इथला मोठा पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरातच येतो.

फोन वाजला. मधल्या आळीचे गुरुमूर्ति बोलत होते.

"अम्मा, दहाच्या सभेला खुर्च्या कोणी आणायच्या हे ठरलं नाही."

"सार, मागच्या सभेत ठरलं. मधल्या आळीने."

"ते त्या सभेपुरतं ठरलं होतं."

बाईंनी फोन खाली ठेवला आणि मुलांना सांगितलं, "पुढची ओळ."

सभा होती एका लोखंडी दाराविषयी. वरची, मधली आणि खालची अशा तीन आळ्यांच्या मागून सांडपाण्याचा आणि पावसाचा एक कालवा वाहतो. मधल्या आळीच्या टोकाशी त्यावर दार आहे. त्याला इथे मदगु म्हणतात. हँडल फिरवलं की ते स्क्रूवर वर चढतं. ते बंद राहिलं, तर पाणी वरच्या आळीत तुंबतं. वरच्या आळीतच बाईंचं घर आणि इन्स्टिट्यूट. एकदम पूर्ण उघडलं, तर सगळा लोट खालच्या आळीत जातो. तिथे कालवा अरुंद आहे आणि घरं बसकी. पाऊस सुरू होताच थोडं थोडं उघडत गेलं, तर दोन्हीकडे काही होत नाही. हे तिन्ही आळ्यांतल्या लहान मुलांनाही माहीत आहे.

पूर्वी दार एका सरकारी कचेरीच्या ताब्यात होतं. हँडल घेऊन एक माणूस मोपेडवरून यायचा, बहुतेक वेळा पाणी घरात शिरून गेल्यावर. मग तिन्ही आळ्या मिळून त्याला शिव्या द्यायच्या, अर्ज करायच्या, एकदा तर रस्त्यावरही बसल्या होत्या. दार आमच्या हाती द्या, ही मागणी कित्येक वर्षं चालली होती. दोन वर्षांपूर्वी ती अचानक मान्य झाली. आता वॉर्डातल्या लोकांच्या सभेनेच अशी कामं पाहायची होती. कचेरीचा माणूस आला, त्याने हँडल आणि ग्रीसचा डबा ओट्यावर ठेवला, आणि मोपेड वळवून निघून गेला.

हँडल कोणी ठेवायचं, यावर पहिल्या तीन सभा गेल्या. वरच्या आळीकडे दिलं तर ते खालच्यांना बुडवतील. खालच्यांकडे दिलं तर ते उघडणारच नाहीत. मधल्यांकडे द्यावं, तर मधली आळी कुठल्या बाजूची हे कोणालाच कधी कळलं नाही. चौथ्या सभेत गुरुमूर्ति उभे राहिले. एका देवळाच्या कार्यालयात त्यांची सारी नोकरी गेली होती. ते म्हणाले की देवळाच्या हुंडीला, म्हणजे दानपेटीला, तीन कुलुपं असतात, तीन किल्ल्या तीन माणसांकडे असतात, आणि तिघं समोर असल्याशिवाय हुंडी उघडत नाही. माझ्या काळात हुंडीतलं एक नाणं इकडचं तिकडे झालं नाही.

सभेला हे फार आवडलं. टाळ्या वाजल्या. त्या टाळ्यांत नागलक्ष्मीबाईही होत्या. लोहाराकडून जाड पट्टी आणली गेली, दारावरच ठेवलेल्या हँडलच्या दांड्यावर बसवली गेली आणि तिला तीन कुलुपं लागली. वरच्या आळीची किल्ली बाईंकडे आली, मधलीची गुरुमूर्तिंकडे, खालचीची शिवकामींकडे. शिवकामी विड्याच्या पानांच्या जुड्या बांधून विकतात. वरच्या आळीतली निम्मी घरं त्यांच्याकडूनच पान घेत. बाईंनी आपली किल्ली एका टाइपरायटरच्या कव्हरला बांधली. शिवकामींची तांदळाच्या डब्यात राहायची. गुरुमूर्तिंनी आपली जानव्याला अडकवली, म्हणजे ती कधी हरवणार नाही. ती हरवली नाहीच.

गेल्या नोव्हेंबरात वादळी पाऊस लागला त्या सकाळी बाई आणि शिवकामी छत्र्या घेऊन दाराशी पोचल्या तेव्हा पाणी अजून कालव्यातच होतं. दोघींनी आपापली कुलुपं काढली. गुरुमूर्ति आदल्या दिवशी नातवाच्या बारशाला तिरुविडैमरुदूरला गेले होते, जानव्यासकट.

"सार, पाणी काठाला लागलंय. कुठे आहात?"

"निघालोच आहे, अम्मा. बस उभी आहे."

"कुठे उभी आहे?"

"पाण्यात."

"मग तुमचं कुलूप तोडतो आम्ही."

"तोडायचं नाही. ठराव आहे."

तोवर दोन्हीकडची माणसं जमली होती. वरच्या आळीतला हरिकृष्ण घरून हातोडा घेऊन आला. त्याचं भांड्यांचं दुकान आहे आणि गोदाम तळघरात. खालच्या आळीतले पुरुष दाराभोवती उभे राहिले.

"दोनच फेरे," बाई म्हणाल्या. "कुलूप तोडू, दोन फेरे देऊ आणि थांबू. शिवकामी, सांग तुझ्या लोकांना."

"टीचरक्का, तुम्ही दोन म्हणता. हा हातोडेवाला थांबेल का?"

"मी उभी आहे ना इथे."

"तुम्ही उभ्याच राहाल," शिवकामी म्हणाल्या.

दुपारी दोनला गुरुमूर्ति एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभे राहून आले आणि त्यांनी जानव्यावरची किल्ली काढली. एव्हाना वरच्या आळीत पाणी मांडीपर्यंत होतं आणि हरिकृष्णचं गोदाम भरलं होतं. कुलूप निघताच त्याने आणि आणखी दोघांनी हँडल धरलं आणि दार शेवटपर्यंत उघडलं. बाई खरोखरच उभ्या राहिल्या. अर्ध्या तासात खालच्या आळीतल्या चुली विझल्या. शिवकामींच्या बांधून ठेवलेल्या जुड्या पाण्याबरोबर भाताच्या शेतांत गेल्या. थोडं थोडं उघडलं असतं तर एकही घर भिजलं नसतं. त्याऐवजी दोन्ही आळ्या भिजल्या. मधली कोरडी राहिली, आणि त्याचा राग तिच्यावर वेगळा निघाला.

पाणी ओसरल्यावर आळ्यांमधलं बोलणं बंद झालं. पोंगलच्या वेळी देवळासमोरची मोठी रांगोळी तिन्हीकडच्या बायका मिळून काढत. या वर्षी ती निघाली नाही. शिवकामी पान विकायला वरच्या आळीत येईनाशा झाल्या. बाई बाजारातून पान आणतात आणि ते जाड असल्याची तक्रार रोज करतात.

सभेला निघण्याआधी त्यांनी वर जाऊन साडी बदलली. यजमान कल्याणराम खिडकीशी पेपर वाचत होते. ते निवृत्त शिक्षक आहेत आणि सभांना जात नाहीत.

"आजि पुन्हा सभा कां?"

"हो की. तुम्ही येतां?"

"मज कशाला? मी आलों तर एका घरचीं दोन मतें होतील."

"पहिले बरें होतें," बाई पदर खोचत म्हणाल्या. "कचेरीवर रागवावें आणि घरास येऊन जेवावें. आतां ज्यावर रागवायचें तो समोरच राहतो. भाजी घ्यायस गेले तरी तोच भेटतो."

"मग देऊन टाक की परत."

"परत दिलें तर पाणी कोठें जाईल?"

कल्याणरामांनी पेपरचं पान उलटलं.

पिळ्ळैयारच्या, म्हणजे गणपतीच्या, देवळाशेजारच्या हॉलमध्ये सभा भरली. खुर्च्या आल्या नव्हत्या, म्हणून सगळे जमिनीवर बसले, आळीआळीने वेगळे. खालच्या आळीचे लोक हॉलच्या दाराजवळ बसले. तिन्ही आळ्या एका छताखाली दहा महिन्यांनी येत होत्या.

हरिकृष्ण पहिला उठला. दार कचेरीला परत द्यावं असा ठराव त्याने मांडला. "ते येतील, ते उघडतील. खापर आपल्या डोक्यावर फुटणार नाही. आपण आपलं शेजारी म्हणून राहू." बऱ्याच माना हलल्या, खालच्या आळीतल्याही.

"कचेरीचा माणूस कधी यायचा रे?" बाईंनी विचारलं.

"पाणी ओसरल्यावर," कोणीतरी मागून म्हणालं, आणि हशा झाला.

"तेव्हा भांडणं तरी नव्हती, टीचर," हरिकृष्ण म्हणाला.

ते खरं होतं. कचेरी नालायक होती आणि तिच्या नालायकीवर तिन्ही आळ्यांचं एकमत होतं. दार हातात आल्यापासून त्यांना एकमेकींचे स्वभाव कळले होते.

गुरुमूर्ति घसा साफ करून उठले. पद्धत चांगली आहे, त्यात फक्त एक त्रुटी राहिली, असं त्यांचं म्हणणं होतं. प्रत्येक किल्लीवाल्याला एक बदली माणूस हवा. बदली माणसाकडे दुसरी किल्ली. आणि बदली माणूस कोण, याला उरलेल्या दोन आळ्यांची संमती असावी.

"म्हणजे सहा माणसं," बाई म्हणाल्या.

"सहा, पण विश्वासाची."

"सार, तिघं जमली नाहीत म्हणून आपण बुडालो. सहा जमवायला काय, देवळाचा नगारा वाजवायचा?"

"अम्मा, माझ्या काळात हुंडीतलं एक नाणं..."

"हुंडी बंद राहावी म्हणून कुलूप असतं, सार. हे दार उघडण्यासाठी बसवलंय."

गुरुमूर्ति उभेच होते. "त्या दिवशी टाळ्या तुम्हीही वाजवल्यात," ते म्हणाले.

"वाजवल्या. अकरा मशीन गेली त्या टाळ्यांत."

मग बाईंनी त्यांच्या डोक्यात महिनाभर असलेली गोष्ट सांगितली. कुलुपं काढायची. पावसाच्या दिवसांत हँडल खालच्या आळीकडे, शिवकामींकडे ठेवायचं. जिच्या घरात लोट येतो, ती ते बेतानेच फिरवेल. आणि पार बंद ठेवणंही तिला परवडणार नाही, कारण वर तुंबलेलं पाणी शेवटी तिच्याच दारात कोसळतं, हे मागच्या वर्षी सगळ्यांनी पाहिलंय.

सर्वात मोठा आरडाओरडा बाईंच्या स्वतःच्या आळीतून झाला. वरच्या आळीतल्या सुब्बलक्ष्मी मामींनी विचारलं की टीचरचं सामान विम्यात आहे का, म्हणून त्या एवढ्या उदार झाल्या. हरिकृष्ण म्हणाला, "घर आपलं, आणि किल्ली शेजारणीकडे." पण सभा थांबली ती शिवकामींमुळे.

"मला नको," त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या.

"का?"

"उघडलं तर आमची माणसं मला विचारणार. नाही उघडलं तर तुमची. तुम्हाला हँडल ठेवायला माणूस नकोय, टीचरक्का. शिव्या द्यायला हवाय. मोपेडवाला गेला, आता मी."

बाई चिडल्या. महिनाभर विचार करून केलेली मांडणी जिच्या भरवशावर ती केली होती तिनेच मोडली होती, आणि तीही बरोबर मोडली होती. "मग तूच सांग कसं करायचं," त्या म्हणाल्या.

शिवकामी आता उठून उभ्या राहिल्या. "मी हँडल ठेवते. पण फिरवताना वरच्या नाहीतर मधल्या आळीचं एक माणूस शेजारी उभं पाहिजे. दर वेळी. फोनवर नाही, शेजारी. शिव्या पडल्या तर दोघांना पडतील. आणि उघड, बंद कर, असं मला कोणी सांगायचं नाही. कालव्याच्या भिंतीवर रेघ मारा. पाणी रेघेला लागलं की मी अर्धा फेरा देणार. सभा नाही, ठराव नाही."

मग रेघ किती उंचीवर मारायची यावर वाद सुरू झाला आणि तो बराच वेळ चालला. वरच्या आळीला रेघ खाली हवी होती, म्हणजे दार लवकर उघडेल. खालच्या आळीला ती वर हवी होती. हात आडवे धरून उंच्या दाखवल्या जाऊ लागल्या. हरिकृष्णने गुडघ्याखाली हात धरला. खालच्या आळीतल्या एकाने छातीला धरला. सुब्बलक्ष्मी मामींनी त्याला विचारलं की पाणी मोजतोयस की शाल पांघरतोयस. बाईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि भिंतीकडे तोंड करून प्यायल्या. पुढे त्या एका शेजारणीला म्हणाल्या की त्या घटकेला कचेरीचा मोपेडवाला आला असता तर त्यांनी त्याला ओवाळलं असतं.

हॉल दुपारी एका डोहाळजेवणासाठी दिलेला होता. बांगड्यांची ताटं घेऊन बायका आत आल्या आणि बसलेल्या माणसांच्या मधून सतरंज्या अंथरू लागल्या. गर्भारणीची सासू बाईंपाशी येऊन म्हणाली, "टीचर, तुमचं पाणी बाहेर न्याल का? आमची सून वाट पाहते आहे."

म्हणून सगळे उठून थेट दारापाशी गेले. तिथे कालव्याची भिंत विटांची आहे. हरिकृष्णने आपल्या मनातल्या उंचीवर खडूची खूण केली. शिवकामींनी आपली केली. हॉलमध्ये हातभर असलेला फरक विटांवर एका विटेचा निघाला. दोन्ही बाजूंना जरा ओशाळल्यासारखं झालं, पण कोणी मागे सरलं नाही. शेवटी बाईंनी दोन खुणांच्या मध्ये येणारा सांधा बोटाने दाखवला. त्याला कोणी हो म्हणालं नाही. नाहीही म्हणालं नाही. कोणीतरी घरून लाल रंगाचा डबा आणला.

कुलुपं काढताना बाईंचं आणि शिवकामींचं लगेच निघालं. गुरुमूर्तिंचं गंजलं होतं. हरिकृष्ण पुन्हा हातोडा आणायला निघाला, तर गुरुमूर्ति कुलुपावर हात ठेवून उभे राहिले.

"तोडायचं नाही," ते म्हणाले. "मी लावलं, मी काढतो."

त्यांनी घरून खोबरेल मागवलं. चाळीस-एक माणसं उन्हात थांबली. किल्ली फिरेना. "हुंडीला असंच व्हायचं का, सार?" कोणीतरी विचारलं. "हुंडी छपराखाली असते," गुरुमूर्ति मान वर न करता म्हणाले. आणखी तेल, आणखी थोडा वेळ, आणि कुलूप उघडलं. त्यांनी ते रुमालाने पुसलं आणि सदऱ्याच्या खिशात घातलं. खिसा खाली ओढला गेला.

शिवकामींनी हँडलचा अर्धा फेरा दिला. दार कुरकुरलं आणि खालून पाणी निघालं. खालच्या आळीतलं पाणी किती चढलं ते पाहायला हरिकृष्ण स्वतः चालत गेला. परत येऊन तो म्हणाला, "काही नाही," आणि त्याच्या आवाजात समाधान मुळीच नव्हतं. शिवकामींनी हँडल खांद्यावर टाकलं आणि त्या घरी गेल्या. जाताना त्या वरच्या आळीतून गेल्या नाहीत. मागच्या वाटेने गेल्या.

नागलक्ष्मीबाईंना या व्यवस्थेवर फारसा भरवसा नाही. दिवाळीच्या आत कोणीतरी हँडलपाशी हजर राहण्याची पाळी चुकवेल आणि भांडण होईल असं त्यांनी संध्याकाळी कल्याणरामांना सांगितलं. कोण चुकवेल त्याचं नावही सांगितलं. तरी संध्याकाळच्या बॅचमधल्या मुलांकडून त्यांनी मशीन खालच्या फळीवरून वरच्या फळीवर चढवून घेतली नाहीत. पाण्याच्या भीतीने मागचा महिनाभर हे काम त्या रोज संध्याकाळी करून घेत होत्या.

रात्रीच्या बातम्यांत दोन दिवसांत जोरदार पावसाचा अंदाज होता. दार गंजून अडकू नये म्हणून पोंगलपर्यंत त्याचे आटे रोज सकाळी साडेसहाला फिरवले जातील, अर्धा फेरा वर आणि अर्धा खाली. उद्या शिवकामींच्या शेजारी उभं राहण्याची पाळी मधल्या आळीची आहे, म्हणजे गुरुमूर्तिंची.